जळू नये अशी वात

"घट्ट वळ गो. सैल वात भडकते आणि लवकर आटपते."

पहाटे कापूस हातात घेतला की कलावतीकाकूंचा हा आवाज अजून माझ्या तळव्यांत उमटतो. त्या कोकणात, पालशेतला आमच्या शेजारी राहायच्या, नात्याच्या कोणी नव्हत्या, पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांच्या पडवीत बसून मी वाती वळायला शिकले. दुधाच्या वाटीला बोट नुसतं टेकवायचं, बुडवायचं नाही. तेवढ्या ओलाव्याने कापूस सुटत नाही, हाताखाली गपगार लांब होत जातो. माझी पहिली वात दोऱ्यासारखी न होता अळीसारखी झाली होती, मधेच फुगलेली. काकूंनी ती फेकली नाही, त्यांच्या समईत लावली, आणि ती तडतडत वाकडी जळताना आम्ही दोघी बघत बसलो. दुसरी गोष्टही त्यांचीच. उठल्यापासून दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही, दिवसातला पहिला शब्द देवाकडे जाऊ द्यायचा. मी तेव्हा एकवीस वर्षांची, हो म्हणून बसले. ही गोष्ट घडली तेव्हा त्याला एकतीस वर्षं झाली होती. त्यातली चोवीस इथे, मस्कतला, अल् घुब्राच्या या फ्लॅटमध्ये, जिथे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक खण माझा देव्हारा आहे आणि पहाटेच्या बांगेनंतर वरच्या मजल्यावरच्या सोनलच्या मिक्सरचा आवाज येईपर्यंतचा वेळ माझा.

त्या मंगळवारी, २०१४च्या नोव्हेंबरात, मी त्या वेळात काडेपेटी उघडली आणि आत एक जळलेली काडी दिसली. एवढंच. समईच्या उजव्या हाताला, चित्र वर करून ठेवलेली माझी काडेपेटी जागच्या जागी होती. पण जळलेली काडी मी पेटीत कधी ठेवत नाही, पितळी वाटीत टाकते. जळलेली काडी परत पेटीत ठेवण्याची सवय या घरात एकाच माणसाला. माझे यजमान जनार्दन, कुरुमच्या एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन, चोवीस वर्षं रेषा मारत आलेले. त्यांना टेबलावर, जमिनीवर, राखदाणीतसुद्धा काडी पडलेली खपायची नाही. सिगारेट पेटवायची, काडी विझवायची, उलटी करून पेटीत सरकवायची. पूर्वी आमच्या घरातल्या सगळ्या काडेपेट्यांत अर्ध्या काड्या काळ्या डोक्याच्या असायच्या आणि मी चिडायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं, तीन दिवस हॉस्पिटलात काढले, आणि घरी आल्यावर देव्हाऱ्यासमोर उभं राहून त्यांनी सिगारेट सोडली. मी सोडायला सांगितलं नव्हतं. स्वतःहून म्हणाले होते. म्हणून ती काळी काडी बोटांत धरून मी उभी राहिले आणि मला राग यायला हवा होता तो आला नाही. पायाखालची फरशी किंचित उतरती आहे असं वाटलं, एवढंच. आत न्हाणीघरात पाणी सुरू होतं. मी बोलू शकत नव्हते. दिवा लावला, श्लोक म्हटले, आणि बोलायची मोकळीक झाली तेव्हा हे टाय बांधत बाहेर आले, चहा मागितला, आणि मी चहा दिला.

सिगारेट सुटली ती निव्वळ निश्चयाने नव्हे, हेही खरं. आमचा मुलगा सागर इंग्लंडात असतो. त्याने सुट्टीला येताना त्यांच्यासाठी ते यंत्र आणलं होतं, व्हेप म्हणतात ते. मी त्याला फुंकणी म्हणते. मला आधी तो प्रकार आवडला नाही. घरात धूर असो की वाफ, देवाला काय फरक पडतो असं मी म्हणाले होते. सागर म्हणाला, "आई, इट्स जस्ट वायर अँड कॉटन. तुझी वात आहे ना, सेम." तो इथेच वाढला, त्याच्या तोंडी मराठी अशी लंगडत येते, पण त्या वाक्यातला वात हा शब्द मात्र अगदी सरळ आला, आणि मी ते यंत्र हातात घेऊन पाहिलं. फुंकणीचं वरचं झाकण काढलं की आत दोन इवले खांब, त्या खांबांना स्क्रूखाली पकडलेलं तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्याच्या पोटातून आरपार गेलेला कापूस. कापूस गोडसर लिक्विड पितो, बटण दाबलं की तार तापते, वाफ होते. त्या वेटोळ्याला कॉईल म्हणतात आणि ती हाताने करावी लागते. सुरुवातीला यांना त्याचा केवढा आनंद होता. शुक्रवारी सकाळी टेबलावर पेपर पसरून, चिमटा, कात्री, छोटा स्क्रूड्रायव्हर ओळीने मांडून बसायचे. चष्मा नाकाच्या टोकावर. पूर्वी घरी ड्रॉइंग बोर्ड होता तेव्हा बसायचे तसेच. ऑफिसात कॉम्प्युटर आल्यापासून हातांना असं बारीक काम उरलं नव्हतं. सात वेढे, एकाला एक चिकटून, इतके सारखे की वाटावं छापलेत. मला हाक मारून दाखवायचे. मी पाहायचे आणि म्हणायचे, छान. कधी म्हणायचे, हं. त्या उन्हाळ्यानंतर हाक मारणं थांबलं. खोलीचं दार लोटून करायला लागले. मी म्हटलं, एसीची हवा बाहेर जाते म्हणून असेल. माणूस किती सोयीची कारणं शोधतो.

काडीच्या दुसऱ्या दिवशी एकादशीची यादी लिहायला पेन्सिल हवी म्हणून मी त्यांचा खण उघडला. आत बिस्किटांचा डबा होता. डबा तारांनी भरलेला. चुरगळलेल्या, अर्ध्या वेढलेल्या, काही जागी ओरखडून तुटलेल्या. विंचरून काढलेल्या केसांचा गुंता असतो तसा तो गुंता होता. मी त्यातली एक तार उचलून उजेडात धरली. पहिले दोन वेढे ठीक, तिसरा दुसऱ्यावर चढलेला, पुढे सगळं भरकटलेलं. यांच्या हातची रेष मी तीसहून अधिक वर्षं ओळखते. त्यांनी मला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अक्षरांच्या खाली पेन्सिलने ओढून खोडलेल्या ओळी होत्या, आणि त्या ओळींवर अक्षरं अशी उभी होती की माझे वडील म्हणाले होते, मुलगा सरळ आहे. आता ही तार. मला एकदम आठवलं की गेल्या महिन्यात जेवताना ते आमटीची वाटी उचलून पीत नव्हते, भातावरच ओतून घेत होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते, थंडी नसताना. मी हे सगळं पाहिलं होतं आणि काहीच पाहिलं नव्हतं. डबा होता तसा बंद केला, यादी पेनने लिहिली.

त्याच दुपारी टॅक्सी करून मी रुवीला गेले. अहमदभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान तिथे आहे. ते हर्णैचे, यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, आणि स्वतःही सिगारेटवरून फुंकणीवर आलेले. तार यांना तेच देत. त्यांची बायको सफूरा दर ईदला आमच्याकडे शिरखुर्मा पाठवते आणि मी दिवाळीला करंज्या पाठवते, इतकी ओळख. मला एकटीला पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं, चहा मागवला, आणि फोन बिघडला का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं आणि कॉईल कशी करतात ते शिकवा असं म्हटलं. ते हसले नाहीत. हातातला चिमटा त्यांनी खाली ठेवला.

"जनार्दनभाऊ महिन्यात तीनदा तार घेऊन गेले, वैनी," ते म्हणाले. "मी बोललो पण, इतकी तार कुठं जाते, बंगल्याला कंपाउंड घालताय काय? हसले नाहीत. तेव्हा मला समजायला पाहिजे होतं."

त्यांनी जुनी एक फुंकणी उघडून माझ्यासमोर ठेवली. अठ्ठावीस नंबरची तार, अडीच मिलिमीटरची ड्रिलची काडी, तिच्यावर सात वेढे, ताण सोडायचा नाही. दोन्ही टोकं खांबांच्या स्क्रूखाली. तार कुठेही बाकीच्या धातूला लागू द्यायची नाही, नाहीतर शॉर्ट. मग बटण दाबून बघायचं. वेटोळं मधून लाल व्हायला पाहिजे आणि लाली दोन्हीकडे सारखी पसरली पाहिजे. एका कडेला आधी पेटलं तर गरम असतानाच चिमट्याने दाबून वेढे जवळ आणायचे. माझे पहिले तीन वाया गेले. चौथं जमलं. तार हाताखाली वळताना मला नवल वाटलं की बोटांना हे काम परकं नाही, नुसतं सामान बदललंय. अहमदभाई म्हणाले, यल्ला, चला, आता कापूस. औषधाच्या दुकानातल्या कापसाला वास येतो, तोंडात उतरतो; चांगला मागवला तर यायला पंधरा दिवस. मग नजर काउंटरवर ठेवून त्यांनी विचारलं, तुमच्याकडे वातींचा असेल ना, सरकी काढलेला, गावचा. विचारतानाच त्यांचा आवाज खाली गेला, आपण दुसऱ्याच्या घरात चप्पल घालून शिरलो की काय असं वाटल्यासारखा. मी म्हटलं, आहे. त्यांनी त्यांच्याकडचा कापूस वेटोळ्यातून ओढून दाखवला आणि मी तो हातात घेतल्या घेतल्या सवयीने पीळ द्यायला लागले, तसे ते पहिल्यांदाच जरा मोठ्याने बोलले.

"सैल ठेवा वैनी. घट्ट केलात तर लिक्विड चढणार नाही, कोरडा पडेल, जळेल. ही जळायची वात नाही. जळली की खलास."

टॅक्सीत मी ते वाक्य घोळवत बसले. खिडकीबाहेर डोंगर होते, बोडके, चहाच्या चोथ्यासारख्या रंगाचे, चोवीस वर्षांत ज्यांच्याकडे मी नीट पाहिलं नव्हतं. मला जळायची वात ठाऊक होती. जिचं जळणं हेच तिचं काम, अशी. जळू नये म्हणून केलेली वात कशी असते? ती काय करते मग? नुसती पिते आणि धरून ठेवते आणि पुढे देते. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात माझा कापसाचा डबा असतो. पालशेतहून वर्षातून एकदा आणते, सरकी मी स्वतः काढते, तो वर्षभर पुरवावा लागतो. घरी येऊन मी डबा पुढ्यात घेतला. देवाचा कापूस फुंकणीला द्यायचा की नाही, हा प्रश्न मी त्याच्याकडेच टाकला. मग मी डब्यातला कापूस बाहेर काढून दोन ढीग केले. एक ढीग परत आत ठेवला. दुसरा साध्या पाण्यात उकळून, अहमदभाईंनी सांगितल्याप्रमाणे, पंच्यावर वाळत घातला. वाळत घातलेला कापूस पाहताना वाटलं, हा आता कोणाचाच नाही, हा फक्त कापूस आहे.

गुरुवारी हे ऑफिसला गेल्यावर मी फुंकणी उघडली. आतलं त्यांचं वेटोळं वाकडं होतं, कापूस काळा. तेच तोंडाला करपट लागत असणार आणि म्हणून ती काडी. मी नवं वेटोळं केलं, ते मधून लाल झालं, दोन्हीकडे सारखं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मग कापूस घेतला, ओढून आत घातला, टोकं कापली, लिक्विड सोडलं, झाकण लावलं. संध्याकाळी हे बाल्कनीत बसले. मी ओट्याशी कोथिंबीर निवडत कान लावून होते. पहिला झुरका, आणि ठसका. मग आणखी एक लहान झुरका, तपासून पाहिल्यासारखा. ते आत आले, फुंकणी हातात उघडीच.

"वसू, हा कसला वास? दूध उतू गेल्याचा?"

तेव्हा मला कळलं. ओट्यावर सकाळची दुधाची वाटी होती. तिच्याकडे न पाहता मी बोट टेकवलं असणार, एकतीस वर्षं टेकवते तसं, आणि सैल सैल म्हणत म्हणत तळव्यावर तळवा फिरवून चांगली घट्ट वात वळली असणार. मी काही बोलायच्या आधी ते हसायला लागले. कितीतरी महिन्यांनी. "पंचामृत घालायचं राहिलं का?" म्हणाले. मीही हसले. आणि हसता हसता त्यांची नजर आतल्या वेटोळ्यावर गेली, सात वेढे, एकाला एक चिकटलेले, आणि हसू थांबलं. हे तू केलंस का, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. माझं मी करीन, एवढं म्हणाले, खूप हळू. फुंकणी खणात ठेवली. त्या दिवसापासून आमचं बोलणं भाजी, बिलं, सागरचा फोन यांच्यापुरतं राहिलं. भांडण नव्हतं. मी त्यांच्या हातातून काहीतरी काढून घेतलं होतं, त्यांनी द्यायच्या आधी. रविवारी पेटीत पुन्हा काळी काडी होती. मी ती तिथेच राहू दिली आणि तिच्या शेजारची पांढरी काढून दिवा लावला.

बुधवारी पहाटे मी पाटावर बसले होते, वाती वळून झाल्या होत्या, निरांजनात तूप घालायचं होतं. हे येऊन माझ्या बाजूला, खाली जमिनीवर बसले. त्या वेळात ते कधी इकडे येत नाहीत. पुढ्यात त्यांनी पेपर पसरला, त्यावर फुंकणी, तार, चिमटा ठेवला. दोन्ही हात मांड्यांवर पालथे. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होत्या, आपोआप, जशी मी वात वळते तशी. मी त्या बोटांकडे पाहत राहिले. ते समईकडे पाहत म्हणाले,

"तू बोलणार नाहीस म्हणून आत्ता सांगतो. हात ऐकत नाही, वसू. मे महिन्यापासून. माउस धरला की कळत नाही, पेन धरलं की कळतं. बँकेतून सही दोनदा परत आली. डॉक्टरकडे गेलो की कागदावर येणार, कागदावर आलं की ऑफिसात जाणार. मग काय करू मी? मला दुसरं काय येतं?"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, बोलून टाकावं, देव समजून घेईल. पण मी बोलले असते तर ते उठून गेले असते. माझ्या मौनावर विश्वास ठेवून ते इथे बसले होते. मी दुधाची वाटी लांब सारली. हात पदराला कोरडे पुसले. तार घेतली, ड्रिलच्या काडीवर वेढे घेतले, सात. खांबांना लावताना ती ड्रिलची काडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी डाव्या हाताने ती स्थिर पकडली आणि मी स्क्रू फिरवले. मी बटणाकडे बोट दाखवलं. त्यांनी दाबलं. वेटोळं मधून लाल झालं, दोन्हीकडे सारखं, आणि अजून न लागलेल्या समईसमोर तेवढाच एक उजेड होता. मग कापूस. न वळता, नुसता विंचरल्यासारखा ओढून घेतला, काकूंचा आवाज तळव्यांत होता आणि मी त्याला जरा थांब म्हटलं. कापूस वेटोळ्यातून गेला, अडखळला नाही, निसटलाही नाही.

"किती दिवस टिकेल?" त्यांनी विचारलं. बोलता येत नव्हतं. मी पाच बोटं दाखवली आणि मग तीन. का आठ, ते मला अजूनही सांगता येणार नाही. ते म्हणाले, "आठ? माझी चारच्या वर टिकली नाही कधी. आठ टिकली ना, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन. नको, एकटाच जाईन."

मी दिवा लावला.

ते आठ दिवस मी बाहेरून रोजच्यासारखेच काढले. पोळ्या केल्या, सोनलच्या मुलीचा मराठीचा अभ्यास घेतला, प्रदोष केला. आतून मी त्या कापसाबरोबर होते. ऑफिसला जाताना फुंकणी त्यांच्या खिशात असायची तेव्हा मी तिच्या मागोमाग कुरुमपर्यंत जायचे. लिक्विड वेळेवर सोडतात ना, लागोपाठ ओढत नाहीत ना. सहाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, हे अंघोळीला गेले असताना मी झाकण उघडून पाहिलं. कापूस तपकिरी झाला होता, मध्यभागी गडद, विड्याच्या पिंकेसारखा. पंच्यावर वाळवलेला कापूस खणात होता. बदलायला दोन मिनिटं लागली असती. त्यांना कळलं नसतं. आठ दिवस पुरे झाले असते आणि ते गेले असते, आणि जे काय आहे ते कळलं असतं. चिमटा माझ्या हातात होता. मी स्वतःला म्हणत होते, यात पाप कुठलं, हे तर त्यांच्याच भल्याचं. पण मग त्यांनी जे पाळलं असतं ते वचन कोणाला दिलेलं? माझ्या हातचलाखीला. आमच्या दोघांत खरं असं एवढंच होतं, तो दूध न लावलेला कापूस. मी झाकण लावलं. हात धुतले. तरी दिवसभर बोटांना त्या लिक्विडचा गोड वास येत राहिला.

मंगळवारी संध्याकाळी ते बाल्कनीत बसले होते. मला आतपर्यंत तो वास आला, करपट, कोरडा, ओळखीचा. सातवा दिवस. मी भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरले. हे आत आले, जेवले, बातम्या पाहिल्या. झोपताना एवढंच वाटलं की उद्या पेटीत काळी काडी असेल, आणि असली तरी मी काही म्हणणार नाही.

पहाटे अंघोळ करून मी स्वयंपाकघरात आले. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरलेला होता आणि त्यावर फुंकणी उघडी. शेजारी आतून काढलेला कापूस, लांब करून, सरळ रेषेत ठेवलेला. दोन्ही टोकं तपकिरी, मध्ये बोटाच्या पेराएवढा काळा. लपवलेला नव्हता. मी पाटावर बसले. काडेपेटी उघडली. एकेक काडी बोटाने सरकवून पाहिली. सगळ्या पांढऱ्या होत्या. रविवारची ती एक काळीसुद्धा नव्हती. ती माझ्या पितळी वाटीत होती, माझ्या काड्यांबरोबर.

मागे पावलं वाजली. हे उभे होते, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात हॉस्पिटलची जुनी फाईल. एवढ्या लवकर ते कधी तयार होत नाहीत. टोकनसाठी सहापासून रांग लागते, म्हणाले, पहिला नंबर मिळाला तर दुपारपर्यंत ऑफिसला पोचता येईल. मी टेबलाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांनीही टेबलाकडे पाहिलं.

"आठ दिवस टिकली," ते म्हणाले.

मला बोलायचं नव्हतं, आणि ते बरंच झालं. शर्टाचं तिसरं बटण चौथ्याच्या काजात गेलं होतं. मी उठले, वरपासून सगळी सोडली, पुन्हा लावली. ते मान वर करून उभे राहिले. माझ्या बोटांखाली त्यांची छाती वरखाली होत होती, शांत. गळ्याचं बटण मी लावलं नाही, सैल राहू दिलं. त्यांनी फाईल डाव्या हातात घेतली, उजवा हात खिशात घातला, मग विचार बदलल्यासारखा बाहेर काढला आणि तसाच, थरथरता, मोकळा सोडला. दाराशी वाकून बूट चढवले. दार ओढून घेतल्याचा आवाज झाला, मग लिफ्टचा. खाली गाडी सुरू झाली.

मी काडी ओढली.